कापणीनंतर

गांजाच्या झाडाविषयी मराठीत जे काही छापले जाते ते बहुतेक दोन ठिकाणी सापडते. एक, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर: उसाच्या फडात लपवून लावलेली झाडे पोलिसांनी उपटली, इतके किलो मुद्देमाल जप्त. दुसरे, वनौषधींच्या पुस्तकात: तिथे ‘विजया’ या नावाखाली चार गुण, दोन दोष सांगून लेखक पुढच्या वनस्पतीकडे वळतो. झाड कापल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे पडत नाही. खरे तर हे पीक घेणाऱ्यांना कुठल्याही देशात, कुठल्याही काळात विचारा, शेतातल्या चार महिन्यांपेक्षा कापणीनंतरच्या पंधरा दिवसांवर ते जास्त बोलतील. उत्तम वाढलेले झाड या पंधरवड्यात मातीमोल होऊ शकते. बेताचे झाड मात्र नीट वाळवले तर निदान स्वच्छ आणि वापरण्याजोगे राहते.

प्रस्तुत पुस्तक त्या पंधरवड्याचे आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांचे आहे. घरच्या तीन-चार झाडांचे पीक वाळवणे, त्याची कातरणी करणे आणि ते बंद बरणीत मुरवणे एवढाच त्याचा विषय. असे पुस्तक मराठीत यावे याचे काहींना नवल वाटेल, काहींना रागही येईल. म्हणून कायद्याचे आधी सांगून टाकतो. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली परवान्याशिवाय हे झाड लावणे हाच गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘गांजा’ म्हणजे फुलांचे तुरे, अशी या कायद्याची व्याख्या आहे. सुटी पाने आणि बिया तिच्यात येत नाहीत, आणि भांगेला काही राज्यांत जी मोकळीक दिसते ती या फटीतून आलेली आहे. महाराष्ट्रात ती फटही १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने बरीचशी बुजवली आहे. तेव्हा पुण्यातल्या गच्चीवर चार कुंड्या ठेवण्याचा बेत असणाऱ्यांसाठी हे पुस्तक नाही. मात्र कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घरात चार झाडे लावता येतात (क्वेबेकमध्ये येत नाहीत). जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडांची मुभा आहे. टोरांटो, व्हँकुव्हर, म्युनिक, बर्लिन इथे मराठी घरे आहेत, तिथल्या लोकांना हे प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरे आजवर त्यांच्या भाषेत नव्हती. शिवाय इतिहासाचा आणि वनस्पतिशास्त्राचा वाचक आहेच. त्याने झाड पाहिलेलेही नसले तरी चालेल.

झाड कापले की काय होते ते थोडक्यात असे. ताज्या तुऱ्याच्या वजनात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असते. ते दहा-बारा टक्क्यांवर आणायचे असते. कॅनडाच्या कायद्याने हा हिशेब सरळ परिशिष्टातच घातला आहे: एक ग्रॅम वाळलेला माल म्हणजे पाच ग्रॅम ताजा. जर्मन कायद्यात घरी ५० ग्रॅम ठेवण्याची मर्यादा आहे आणि ती ‘वाळल्यानंतरच्या वजनावर’ मोजावी असे तिथे लिहिलेले आहे. कायदा लिहिणाऱ्यांनाही सुकवणीची दखल घ्यावी लागली, ही मला या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. आता हे पाणी काढायचे तर उन्हात टाकून दोन दिवसांतही काढता येते. अडचण अशी की पाण्याबरोबर दुसरेही काही उडते. झाडाचा वास ज्या तेलांमुळे येतो ती मिरसीन, लिमोनीन, पायनीन यांसारखी हलकी द्रव्ये साध्या हवेतही टिकत नाहीत. मिसिसिपी विद्यापीठातल्या रॉस आणि एलसोहली यांनी १९९६ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केले. हवेवर आठवडाभर वाळवलेल्या तुऱ्यांतले सुमारे ३१ टक्के सुगंधी तेल गेलेले होते, आणि तीन महिन्यांच्या साठवणीनंतर निम्म्याहून जास्त. म्हणजे सुकवणी ही मुळात नुकसान किती आणि कशाचे होऊ द्यायचे याची निवड आहे. घाई केली तर वास जातो आणि बाहेरून करकरीत, आतून ओला असा फसवा माल हाती येतो. फार रेंगाळले तर बुरशी धरते.

ही निवड माणसाने किती तऱ्हांनी केली याचा सर्वांत तपशीलवार जुना पुरावा आपल्याच उपखंडातला आहे. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला आणि भारत सरकारने एक आयोग नेमला. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन या नावाने तो ओळखला जातो. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सदस्यांत तीन भारतीय होते. ११९३ साक्षी झाल्या, आणि १८९४ मध्ये आलेल्या अहवालाचा निष्कर्ष बंदीच्या विरोधात होता: बेताने सेवन केल्यास गंभीर अपाय दिसत नाही, तेव्हा बंदी नको, कर आणि नियंत्रण असावे. हा निष्कर्ष आज दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात. पण अहवालातली गांजा तयार करण्याविषयीची पाने कुणी फारशी वाचत नाही. माझ्या मते आयोगाचे टिकाऊ काम त्या पानांत आहे. त्याआधी १८७७ मध्ये हेमचंद्र केर यांनी बंगालमधल्या लागवडीवर स्वतंत्र अहवाल लिहिला होता, आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातले डेव्हिड प्रेन यांचाही एक अहवाल १८९३ मधलाच. या तिघांना एकत्र वाचले की राजशाही जिल्ह्यातल्या नौगावचा गांजा महाल, म्हणजे लागवडीसाठी नेमलेला टापू, डोळ्यांपुढे उभा राहतो.

तिथे शेतकरी पीक वाढवत असे, पण नर झाडे ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ नावाचा जाणकार बोलावला जाई. नर राहिले तर मादीच्या तुऱ्यात बी धरते आणि राळ कमी होते. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी १९७० च्या दशकात बिनबियांच्या मालाचा शोध लागल्यासारखा गाजावाजा केला. तोच व्यवहार नौगावात सरकारी नोंदींसह चाललेला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी झाली की झाडे ‘चातोर’ नावाच्या मोकळ्या जागेवर आणत. दिवसा ऊन, रात्री दव. दव मुद्दाम लागू देत, कारण कोरडा तुरा पायाखाली चुरा होतो आणि किंचित ओलसर तुरा दाबला जातो. मग माणसे वर्तुळात फिरत तो तुडवत, ढीग रचून वर वजन ठेवत, ढीग मोडून पुन्हा उलटसुलट करून पुन्हा तुडवत. हा झाला चपटा गांजा. गोल गांजासाठी आडवा बांबू धरून उभे राहायचे आणि एकेक जुडी तळपायाखाली लाटायची. ज्यात काडी उरली नाही तो चूर. सरकारने तिन्हींवर वेगवेगळा कर बसवला होता, कारण काडीचे वजन कमी तेवढा माल जास्त. ढिगातली ऊब, दाब आणि उलथापालथ यांतून रंग बदलतो, वास बदलतो हे त्या माणसांना ठाऊक होते. ते का होते हे सांगायला त्यांच्याजवळ रसायनशास्त्र नव्हते. त्यांचे मोजमाप पायात आणि नाकात होते.

मुंबई इलाख्यात नगर आणि सातारा हे जिल्हे आयोगाच्या नोंदींत लागवडीचे म्हणून येतात. सीमेपलीकडे निमाडात खांडव्याचा चपटा गांजा नावाजलेला होता. एकोणिसाव्या शतकातल्या या मराठी मुलखातल्या परवानाधारक शेतकऱ्यांविषयी आपण जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही. जिल्हा गॅझेटियरच्या पलीकडे कुणी गेले नाही. अबकारी खात्याची जुनी दप्तरे चाळण्याची चिकाटी असलेल्या एखाद्या संशोधकाला इथे पुरेसे काम आहे.

बाकीच्या परंपरा मी भराभर सांगतो, कारण पुस्तकात त्यांना जागा दिलेली आहे. हिमालयात मलाणा आणि आसपास झाड वाळवतच नाहीत. हिरव्या तुऱ्यांवर तळहात घासून राळ गोळा करतात, ती चरस. मोरोक्कोच्या रिफ डोंगरांत आणि लेबनॉनच्या बेका खोऱ्यात उलटे: झाड पूर्ण कोरडे करून, झोडून, चाळून राळेचे कण वेगळे काढतात. तिथे करकरीत कोरडेपणा हाच गुण ठरतो. थायलंडात तुरे बारीक बांबूच्या काडीभोवती झाडाच्याच धाग्याने बांधून वाळवत. मलावीत पानांत किंवा मक्याच्या सालींत घट्ट गुंडाळून त्यांची कणसासारखी पुडी करत आणि तिला आतल्या आत आंबू देत. यातले शेवटचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. नौगावचा ढीग आणि मलावीची पुडी हजारो मैलांवर असूनही एकच गोष्ट करतात: माल अर्धवट ओला असतानाच हवेपासून तोडायचा आणि झाडातल्या पेशींचा उरलेला व्यवहार आत चालू द्यायचा. आजची काचेची बरणी त्याच घराण्यातली, फक्त तिच्यात दाब नाही, आणि माल आंबेल याची भीती मात्र आहे.

ती बरणी उत्तर कॅलिफोर्नियातून जगभर गेली. हंबोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन परगण्यांत १९७० पासून चोरून लागवड वाढली. झाडे शेडमध्ये, पोटमाळ्यावर, खिडक्या झाकून टांगली जात. उजेड नको होता तो आधी पोलिसांमुळे, नंतर कळले की मालासाठीही नकोच असतो. शरद ऋतूत कातरणीसाठी बाहेरून माणसे येत आणि पाऊंडामागे मजुरी घेत. कात्री राळेने चिकटायची, बोटे काळी व्हायची, आणि दिवसाअखेर बोटांवरून खरवडलेला गोळा म्हणजे मलाण्याची चरसच, न ठरवता झालेली. याच काळात कातरणीचे दोन पंथ पडले आणि आजही ते एकमेकांशी भांडतात. एक म्हणतो झाड हिरवे असतानाच पाला काढावा: काम सोपे जाते, तुऱ्याला हवा लागते. दुसरा म्हणतो पाल्यासकट वाळवावे: पाला तुऱ्यावर मिटतो आणि वाळणे हळू होते. माझ्या मते हे भांडण तत्त्वाचे नाहीच, ते हवामानाचे आहे. व्हँकुव्हरच्या पावसाळी हवेत आधी पाला काढणे शहाणपणाचे. टोरांटोच्या हिवाळ्यात घर तापवलेले असते, आत हवा कोरडी ठाक असते, तिथे पाला राखलेला बरा. कोकणातून तिथे गेलेल्या माणसाची सवय सगळे सादळेल अशी धास्ती बाळगण्याची असते. त्या घरात त्याला नेमकी उलटी काळजी घ्यावी लागते.

या गुप्तपणाची किंमतही मोजावी लागली. ज्ञान तोंडी फिरत राहिले आणि त्यात भाकडकथा शिरल्या. झाड उलटे टांगले की मुळातली राळ तुऱ्यात उतरते, असे अजूनही छातीठोकपणे सांगितले जाते. राळ तुऱ्याच्या बाहेर, सूक्ष्म देठांवरच्या गाठींत असते. ती कुठून कुठेही वाहत नाही. झाड उलटे टांगतात ते फांद्यांचे आकडे सोयीचे असतात म्हणून. दुसरी कथा अशी की मुरवल्याने जोर वाढतो. ताज्या झाडात टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य आम्लरूपात असते, ते उष्णतेने मोकळे होते. बरणीत खोलीच्या तापमानाला हा बदल अगदी मंद असतो. उलट वेळ, उजेड आणि हवा यांनी टीएचसी झिजून कॅनॅबिनॉल बनते. गंमत म्हणजे १८९६ पासून केंब्रिजमध्ये वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसेतून वेगळे काढले ते हेच कॅनॅबिनॉल. टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळायला १९६४ साल आणि राफेल मशूलाम, येहिएल गाओनी यांचे काम यावे लागले. शास्त्राच्या हाती आधी साठवणीतले द्रव्य लागले, झाडातले फार उशिरा. १९७६ मध्ये लंडनचे फेअरबेर्न आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले की साठवणीत सर्वांत मोठा शत्रू उजेड आहे, आणि अंधारात साध्या तापमानाला नीट ठेवलेला माल वर्ष-दोन वर्षे बऱ्यापैकी टिकतो.

मग मुरवणीने होते तरी काय? इथे मी आणि या पुस्तकाच्या लेखिका पूर्ण एकमताचे नाही. हरितद्रव्य आणि साखरा विघटित होऊन धूर सौम्य होतो, ही प्रचलित समजूत. तिला आधार देणारे पद्धतशीर प्रयोग तुटपुंजे आहेत. माझे मत असे की बरणीचे मोठे काम साधे आहे: देठातली ओल बाहेरच्या भागात सारखी पसरते, आणि वास उडायचा थांबतो. लेखिका म्हणतात याहून अधिक काही घडते, आणि २०२१ चे एक संशोधन त्यांच्या बाजूने आहे. त्यात गांजाच्या उग्र वासाचे मूळ गंधकयुक्त द्रव्यांत सापडले. उजेड लागून बिघडलेल्या बिअरला जो वास येतो, त्यातले मुख्य द्रव्यही यांतलेच. फुलोऱ्याच्या अखेरीस आणि मुरवणीच्या काळात ही द्रव्ये वाढली, नंतर साठवणीत घटली. म्हणजे बरणीत काहीतरी तयार होते हे मान्य करायला हवे. ते किती आणि कुणाच्या नाकाला जाणवेल यावर आमचा वाद चालू आहे. पुस्तकात तो लपवलेला नाही.

एका बाबतीत मात्र वाद नाही, आणि हे पुस्तक आज यायला हवे ते तिच्यामुळे. विक्रीचा माल प्रयोगशाळेतून जातो. अमेरिकेत २०१८ मध्ये एएसटीएम या संस्थेने सुक्या फुलांसाठी जलक्रियता (म्हणजे बुरशीला वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचे माप) ०.५५ ते ०.६५ अशी मर्यादा ठरवली: त्याखाली माल ठिसूळ होतो, त्यावर बुरशीला वाव मिळतो. नेदरलँड्समध्ये रुग्णांसाठीचा माल गॅमा किरणांखालून काढतात, काही मोठे उत्पादक गोठवून वाळवतात. घरी यातले काही नसते. राखाडी बुरशी तुऱ्याच्या पोटात धरते, वरून कळत नाही. ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू फुफ्फुसात गेले तर निरोगी माणूस कदाचित निभावेल. पण केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णाच्या जिवाशी तो खेळ आहे. घरचे पीक आजाऱ्यासाठी घेणारे लोक बरेच, हे विसरून चालत नाही. जर्मनीत आता शरद ऋतूत कित्येक घरांच्या तळघरांत झाडे टांगलेली असतात. तळघर म्हणजे थंड, अंधारे आणि बहुधा दमट: तीन गुणांपैकी दोन चांगले, तिसरा घातक.

या पुस्तकाने स्वतःवर एक बंधन घातले आहे. ते लागवड शिकवत नाही, सेवनाची भलामण करत नाही. मेल फ्रँक आणि एड रोझेंथाल यांच्यापासून होर्हे सर्व्हांतेसपर्यंत लागवडीवर भरपूर पुस्तके आहेत. त्यांत कापणीनंतरचा भाग शेवटी, उरकून टाकल्यासारखा येतो. इथे तोच भाग पहिल्या पानापासून आहे. लेखिका अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रातल्या आहेत. फळे, मसाले, भाज्या वाळवण्याचे शास्त्र त्यांनी व्यवसाय म्हणून केले, आणि तीच शिस्त त्यांनी या झाडाला लावली. त्यामुळे ‘काडी कटकन मोडली की वाळले’ ही जुनी खूण त्या नाकारत नाहीत, पण तिच्या शेजारी तापमान, आर्द्रता आणि वजन यांचा तक्ता ठेवतात. खोली १५ ते २० अंशांवर आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर राखली तर दहा ते चौदा दिवस लागतात, ही त्यांची मध्यरेषा. तिच्यापासून कुठे, का आणि किती ढळावे याची चर्चा पुस्तकभर आहे.

पुस्तकातल्या दोन गोष्टी मला खटकल्या, त्या सांगायला हव्यात. ऐतिहासिक भागात नौगावला जितकी जागा आहे तितकी नगर-साताऱ्याला मिळाली नाही. कारण वर दिलेच आहे, पण उणीव ती उणीवच. आणि मुरवण्याच्या जुन्या आंबवणाऱ्या पद्धतींविषयी लेखिकेचा सूर कुठे कुठे गरजेपेक्षा कडक आहे. प्रयोगशाळेची सवय असलेल्या माणसाला पायाखालचा ढीग स्वच्छ वाटत नाही हे समजते. तरी त्या ढिगाने एक मोठा सरकारी व्यापार चालवला होता.

भारतात या झाडावर पुन्हा रीतसर काम सुरू झाले आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठी लागवडीला परवाने दिले, जम्मूतली सीएसआयआरची संस्था औषधी उपयोगावर संशोधन करते. हे काम वाढले तर वाळवणे, साठवणे, प्रतवारी करणे हे प्रश्न इथेही येतील आणि तेव्हा नौगावच्या नोंदी पुन्हा उघडाव्या लागतील.

वाचकांना दोन विनंत्या. जिथे राहता तिथला कायदा आधी स्वतः वाचा. झाडांची संख्या, वजन, वय, भाडेकराराच्या अटी सगळे देशागणिक आणि प्रांतागणिक बदलते, आणि छापील पुस्तक कायद्याच्या मागेच राहते. दुसरी विनंती कायद्याने परवानगी असलेल्यांना: बुरशीवरचे प्रकरण आधी वाचा, बाकीचे नंतर. बरणी उघडल्यावर कुबट वास आला तर तो माल कितीही कष्टाचा असला तरी फेकून द्या. वाचवायच्या युक्त्या शोधू नका. पुस्तकातही त्या दिलेल्या नाहीत.